जादा आवक

मी स्टोअरकीपर. मोजल्याशिवाय
मला काही ठेवता येत नाही, देता येत नाही.
म्हणून ईदची सुट्टीही मांडली रजिस्टरातच,
मागच्या पानावर, जिथे बेअरिंगांची जुनी नोंद संपते:
आवक, जावक, शिल्लक.

आवक: चार दिवस.
शुक्रवार-शनिवार त्यातच बुडाले,
आणि बुडालेलं वर काढायची
आमच्या कंपनीत पद्धत नाही.
धुरी म्हणाला, "एक रजा जोडली तर सात होतील रे."
पण रजा आम्ही गावासाठी ठेवतो,
दोन वर्षांनी एकदा,
लोणच्याच्या बरणीसारखी. ओला हात लावायचा नाही.

जावक:
झोप, सलग, दहा तास.
(धुरीला बारा. तो रात्रपाळीचा.)
गाद्यांना ऊन. केस, पण आदल्या रात्री नाही,
रुवीतल्या सलूनची रांग तेव्हा रस्त्यावर येते.
मटण परकार करणार, कांदे आम्ही.
जबल अख्दर लिहिलं आणि खोडलं:
आमच्या कोरोलाला चौकीवरचा पोलीस
प्रेमानं हसून परत पाठवतो.
त्यापेक्षा कुरियात. समुद्र, चटई, दोन कलिंगडं.
आणि शेवटी, बराच विचार करून, एक ओळ:
काहीच न करणे, दोन तास.
धुरीने वाचलं. "हे कोण करणार? नाव घाल पुढे."

एकोणतिसाव्या रोज्याच्या संध्याकाळी
तिघं गच्चीवर गेलो. डिश, टाक्या,
दोरीवर हात पसरलेले बॉयलरसूट.
पश्चिमेला उघडेबोडके डोंगर
आणि डोंगरांवर धूळ.
खोटं कशाला सांगू, मनात हिशेब चालला होता:
आज चंद्र दिसला नाही
तर एक दिवस जास्त. फुकटात.
शेजारी परकार, गालात खजुराची बी.
महिनाभर पहाटे मोबाईलच्या उजेडात जेवला हा माणूस,
आमची झोपमोड नको म्हणून चमचा न वाजवता.
याच्या एका उपासावर माझी एक सुट्टी.
मी वर बघायचं सोडून
टाकीचं झाकण नीट बसवत राहिलो.

चंद्र दिसला नाही.
जिना उतरताना परकार म्हणाला,
"घे. झाली तुझी आवक."

त्या दिवसाला रकानाच नव्हता.
सकाळी घरी फोन लावला.
"बाबा, तुम्हाला सुट्टी? माझा भूगोलाचा पेपर आहे.
ओमानची राजधानी सांगा पटकन."
मी सांगितली.
"बरोबर," ती म्हणाली, आणि तिची रिक्षा आली.

दुपारी धुरीने दार लोटून चहा केला.
दार लोटता येतं, आल्याचा वास नाही.
बाहेरच्या खोलीतून परकार ओरडला,
"साखर कमी घाल, काल तुझा पाय सुजला होता."
बाकी काय केलं त्या दिवशी, आठवत नाही.
गाद्यांना ऊन दिलं नाही एवढं नक्की.

कुरियातला गेलो ईदच्या दुसऱ्या दिवशी.
कलिंगड एकच मिळालं, तेही आत पांढरं.
होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या,
जाळी विणणारा म्हातारासुद्धा नव्या कपड्यांत.
झाड नव्हतं. गाडीच्या सावलीत चटई टाकली
आणि धुरी तोंड उघडं टाकून झोपला,
पाच वर्षांची रात्रपाळी एकदम अंगावर आल्यासारखा.

ऊन सरकलं. सावली त्याच्या चेहऱ्यावरून उतरायला लागली.
इंजिन लावलं असतं तर उठला असता.
परकारने बूट काढले, मी गाडी न्यूट्रलवर टाकली,
आणि वाळूत टाचा रोवून
आम्ही कोरोला हातभर ढकलली. पुन्हा अर्ध्या तासानं
हातभर. मग अजून एकदा.

रजिस्टरात हे कुठे लिहायचं ते अजून ठरलेलं नाही.
धुरीला विचारलं तर म्हणतो,
छे, मला झोप लागलीच नव्हती.